निळ्या गडावर कामाला कोण?

मेडशी,
६ ऑगस्ट १९७४

प्रिय प्रेमा,

राज्य आपण मनानेच उभं केलेलं असलं, तर तिथली चूल कोणी पेटवायची? हा प्रश्न मला परवाच्या शनिवारी पडला, आणि खरं सांगते, मला त्याचं उत्तर येत नाही. तुला येत असेल म्हणून लिहिते आहे.

अकोल्याच्या वसतिगृहात जेवणघराच्या मागच्या ओसरीत आपण उभारलेला निळा गड आता मेडशीच्या शाळेत येऊन पोचला आहे. सातवीच्या मुलींचा शनिवारचा कार्यानुभवाचा तास माझ्याकडे आला. सूत कातायच्या टकळ्या सात, त्यातल्या चार मोडक्या, मुली अकरा. काय करणार? मी म्हटलं, चला, खेळू.

दुसऱ्याच शनिवारी हेडमास्तर दारात. त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. एक जण सूत्रधार असते, ती समोर काय दिसतं ते सांगते. बाकीच्या प्रत्येकीने एकेक माणूस घ्यायचं, राणी, जादूगारीण, चोर, काहीही, आणि आपलं माणूस आता काय करतं ते बोलायचं. ते जमलं की फसलं हे पुस्तक उघडून ठरवायचं. डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक पाचाहून मोठा आला तर जमलं. ते म्हणाले, "कवड्या का नाही?" मी म्हटलं, हा खेळ माझ्या एका जैन मैत्रिणीने रचला, त्यांच्यात कवड्या टाकणं म्हणजे जुगार. ते त्यांना पटलं. मग म्हणाले, "आणि जिंकतं कोण?"

"कोणीच नाही, सर."

"मग हा तास कशाचा? बाई, तासाचं नाव कार्यानुभव आहे. खेळा, पण त्यात काम दिसलं पाहिजे."

मी आधी मनात रागावले. मग खोलीवर येऊन विचार केला तेव्हा वाटलं, त्यांचं खरंच आहे की! निळ्या गडावर आपण तीन वर्षं राज्य केलं. लढाया केल्या, नदीतला नाग बोलता केला. पण भाकरी कोणी भाजली? राणीचा शालू कोणी विणला? कष्टाची माणसं आपण त्या राज्यातून हाकलूनच दिली होती.

म्हणून मी नवा नियम केला आहे. प्रत्येक माणसाला एक कसब असलंच पाहिजे. गड चढताना ते कसब वापरायचं, आणि ते काम कसं करतात ते सर्वांना सांगायचं. नीट सांगितलं तर पुस्तक उघडायचं नाही, काम झालंच. तुला कसा वाटतो?

मुलींमध्ये रुपा म्हणून एक आहे, आमच्याच तांड्यातली, गुलाबसिंगकाकांची. ती राणी होते. बोलायला लागली की शाळेची घंटा झालेली कोणाला कळत नाही. तिला ऐकून मला तुझी आठवण येते.

माझी खोली छान आहे. एक खिडकी, एक टेबल, आणि आतून कडी लागणारं दार, आयुष्यात पहिल्यांदाच. मालेगाव इथून एसटीने तासभरही नाही. एका रविवारी येऊ का तुझं सासर बघायला?

तुझी,
गोमती


मालेगाव,
जि. अकोला,
१९ ऑगस्ट १९७४

प्रिय गोमती,

नियम मुळीच आवडला नाही. सूत्रधार या नात्याने मी तो रद्द करते.

तू विसरलीस का? निळ्या गडाचा पहिला नियम मीच केला होता, की तिथे कोणी पोळ्या लाटत नाही. चूल कोणी पेटवायची म्हणून विचारतेस. अगं, तिथे चूल आपली आपण पेटते! नाग बोललेला चालतो आणि चूल आपोआप पेटलेली चालत नाही, हा कुठला न्याय?

आणि आणखी एक विचारते. तलवार चालवणारीला तू थांबवून विचारतेस का, की मूठ कशी धरतात, पाय कुठे रोवतात? नाही विचारत. ती म्हणते "मी वार केला", आपण पुस्तक उघडतो. मग बिचाऱ्या कुंभारणीनेच चिखल कसा मळायचा ते का सांगावं? तलवारीला सूट आणि मडक्याला परीक्षा. तू कष्टाचा मान वाढवायला निघालीस आणि कष्टकऱ्यालाच तोंडी परीक्षेला बसवलंस.

तुझ्या हेडमास्तरांना म्हणावं, काम बघायचं तर शाळेबाहेर उभे राहा, हवं तेवढं दिसेल.

रुपाला माझा मुजरा सांग.

रविवारी नको येऊस. आमचा चातुर्मास चालू आहे, घरात पाहुणे आहेत. मीच कळवीन.

तुझी,
प्रेमा


मेडशी,
३ सप्टेंबर १९७४

प्रिय प्रेमा,

तलवारीचा मुद्दा बिनतोड आहे. मी चार दिवस त्यावर अडून बसले होते. तरीही मी नियम मागे घेतलेला नाही. रागावू नकोस.

शनिवारी काय झालं ते ऐक. गडाच्या दारापुढे खंदक होता. तेल्याची मुलगी कुंभारीण झाली आहे. तिने मोठाले रांजण घडवून, उपडे घालून, त्यांवरून सगळ्यांना पलीकडे नेलं. माती कुठली घ्यावी, त्यात लीद का घालावी, सगळं कुंभारवाड्यात जाऊन विचारून आली होती. वाण्याची मुलगी लोहारीण झाली आहे, ती भात्याजवळ बसून आली. गावातल्या मुलींनी कसबं घेण्यासाठी अक्षरशः उड्या मारल्या. हेडमास्तरांनी दारातून मान डोलावली.

मीही एक माणूस घेतलं आहे, भरतकाम करणारी. आमच्या बंजारा बायकांच्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे टाकतात ना, तसं. नियम मलाही लागू म्हणून तांड्यात जाऊन आईपुढे बसले. तिने कापड हातात दिलं. मी पेन्सिलीने नक्षी काढायला लागले, तर ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. "बीए झाली अन् कपड्यावर लिवून राह्यली! अवं, हे लिवत नाईत, हे मोजतात. धागे मोज." मी मोजले. चुकले. पुन्हा मोजले, बोट टोचलं. नानीबाईची मुलगी म्हणून मला हे येत असेल असं सारा तांडा धरून चालतो. आणि मला ते येतच नाही, हे मलाही कधी जाणवलं नव्हतं. हे या नियमामुळेच झालं ना?

रुपाचं मात्र अडलं. ती म्हणे, राणीला कसब नसतं. मी म्हटलं, आपल्या राज्यात राणीलाही असतं. तिला सुचेना, म्हणून मीच दिलं. दुष्काळात ती दहा वर्षांची असताना आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. मला वाटलं, हे तिच्याइतकं नीट कोण सांगणार? आणि खडी फोडणारी राणी, याहून मोठा मान कोणता? ती उठून माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "बाई, खेळातबी खडीच फोडू काय? ते तं खेळ नसतानाबी फोडली मी." सगळ्या हसल्या. ती जागेवर जाऊन बसली. लाजली असावी. पुढच्या वेळी सांगेल.

प्रेमा, एक बोलते. तुझं पत्र वाचून मला थोडं वाईट वाटलं. दुकानाच्या घरात सगळं तयार येतं, म्हणून तुला चूल आपोआप पेटलेली चालते. आमच्याकडे नाही चालत. बाहेरच्या जगात ज्यांचं काम मोजलं जात नाही, त्यांचं निदान मनातल्या जगात तरी मोजलं जावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पाहुणे गेले का?

तुझी,
गोमती


मालेगाव,
२८ सप्टेंबर १९७४

प्रिय गोमती,

पत्राला उशीर झाला. तुझं ते वाक्य वाचून आधी राग आला, मग मी चार दिवस त्याला उत्तरं रचत होते, आणि मग रचून कंटाळा आला. म्हणून नुसतं खरं काय ते लिहिते.

घरात पाहुणे नव्हते. आम्ही घरचेच बारा जण आहोत. पहाटे पाणी गाळायचं, ते उकळायचं, निववून हंडे भरायचे. दुपारनंतर आमच्या नेमाप्रमाणे त्याची मुदत संपते, पुन्हा गाळायचं, पुन्हा उकळायचं. धान्याचा दाणा न दाणा डोळ्यांखालून घालायचा, चुकून एखादी अळी दळली जाऊ नये म्हणून. चातुर्मासात तर दुप्पट. आणि सूर्य मावळायच्या आत बारा ताटं झालीच पाहिजेत. सूर्य कोणासाठी थांबत नाही. दुकानातलं तयार काय येतं विचारशील तर पोती येतात, निवडायची.

कोणी छळत नाही गं. सासूबाई जतनबाई स्वभावाने चांगल्या आहेत, त्यांनी हेच चाळीस वर्षं केलं. यांचाही स्वभाव शांत आहे. फक्त तू आली असतीस तर तुझ्याजवळ पंधरा मिनिटं बसायला मला जमलं नसतं, आणि ते तुला दिसलं असतं. तेवढ्यासाठी पत्रात पाहुणे बोलावले मी.

माझे हात कामात असतात तेव्हा मी निळ्या गडावर असते. तिथे मी पाणी गाळत नाही. तू तिथे चूल आणलीस तेव्हा मला वाटलं, झालं, इथेही कोणीतरी म्हणणार, सुनबाई, उठा.

मान वगैरे ठीक आहे. पण बाराव्या ताटानंतर माणसाला मान नको असतो, बसायला हवं असतं.

रुपा लाजली असेल असं तू लिहिलंस. मला नाही वाटत ती लाजली. ती पुढच्या शनिवारी आली का?

तुझी,
प्रेमा


मेडशी,
१२ ऑक्टोबर १९७४

प्रिय प्रेमा,

नाही आली. त्या शनिवारीही नाही, त्यानंतरही नाही. आधी फक्त शनिवारी येईना, आता पंधरा दिवस शाळेतच नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी रोज खूण करते आणि रोज मला तुझी ओळ आठवते.

तुझी क्षमा मागते. दुकानाच्या घराबद्दल लिहिलं ते मला काहीच माहीत नसताना लिहिलं.

गावातल्या मुली कुंभारीण व्हायला उड्या मारत होत्या, ते मी तुला किती आनंदाने कळवलं! उड्या कोण मारतं आहे ते मी पाहिलंच नाही. ज्यांनी कधी चिखलात हात घातला नाही त्यांना चिखल म्हणजे जादू. तांड्यातल्या तिघी गप्प बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, भीड आहे, जाईल. मी स्वतः त्याच तांड्यातली. लहानपणी मी खेळात कधी मोळी वाहिली का? कधीच नाही. मी कलेक्टर व्हायचे.

काल संध्याकाळी तांड्यात गेले. गुलाबसिंगकाका खाटेवर बसले होते. रुपा आत होती, बाहेर आली नाही.

"काका, रुपा शाळेत का येत नाही?"

"तुलेच माहीत. मले म्हणते, शाळेतबी खडी अन् घरीबी खडी. मंग आमच्या संग आली तं काय बिघडलं?"

"संग कुठे?"

"ऊसतोडीले. दिवाळी झाली का ट्रक येते मुकादमाचा. कोयत्याले एक हात वाढला तं बरंच हाये."

"सातवीचं वर्ष आहे, काका. आता गेली तर परीक्षा बुडेल."

ते हसले. "तू मोठी बाई झाली, पोरी. पण तुह्या शाळेत तिले राणीची मजूर कोणं केली? आमी नाई केली."

मी उठून आमच्या घरी गेले. आईने विचारलं, "जेवतं का?" मी नको म्हटलं आणि अंधार पडायच्या आत मेडशीला परत आले.

दिवाळीला महिना आहे. ती गेली तर परत येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तांड्यातून आम्ही चौघी शाळेत निघालो होतो, त्यातल्या तिघी अशाच एकेका दिवाळीनंतर गेल्या. तिला पुन्हा राणी करते म्हणून सांगू का? तू सूत्रधार आहेस. सांग.

तुझी,
गोमती


मालेगाव,
२६ ऑक्टोबर १९७४

प्रिय गोमती,

आधी एक कबुली. तुझी पत्रं मी सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना अक्षर येत नाही, आणि धान्य निवडताना त्यांना काहीतरी ऐकायला लागतं. सुरुवातीला तुझं पत्र आलं की "काय लिवते तुही मैत्रीण?" म्हणून विचारायच्या. मी नाग वाचून दाखवला. तेव्हापासून पोस्टमनची वाट माझ्याआधी त्या बघतात. दुकानाच्या घराचं ते वाक्य मात्र मी गाळलं, पाण्यासारखं.

परवा तुझं पत्र वाचलं. मी म्हटलं, गोमतीला कळवते, राणीपद परत दे. सासूबाई सूप थांबवून म्हणाल्या, "राणी करून काय व्हते? आज बाईनं केली, उद्या बाईचं मन फिरलं का पुन्हा खडी. देणारी तं बाईच राह्यली ना? समदं तिच्याच हाती द्या म्हणावं."

"समदं म्हणजे?"

"तू सांगते ना, एक जण बसून सांगते अन् बाकीच्या ऐकतात? ते."

गोमती, ही गोष्ट मी दोन दिवस कागदावर उतरवली नाही. कारण ती सांगणारी जागा माझी आहे. अख्ख्या मालेगावात माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा. पण तुझ्या पहिल्या पत्रात तूच लिहिलंस, रुपा बोलायला लागली की घंटा ऐकू येत नाही. अशी मुलगी समोर असताना तू सूत्रधार होऊन बसलीस आणि मी इथून नियम रद्द करत बसले. दोघी सारख्याच.

तेव्हा मी जागा सोडते. मेडशीचा निळा गड रुपाचा. नियम तिचे. कसब ठेवायचं की काढायचं, तिला विचार. मला नको विचारूस आणि हेडमास्तरांनाही नको.

तिला इतकंच सांग, की आधीच्या सूत्रधाराने गडाच्या मागच्या बाजूला काय आहे ते कधीच ठरवलं नव्हतं. ते तिने ठरवावं.

तुझी,
प्रेमा


तांडा, मेडशीजवळ,
२१ नोव्हेंबर १९७४

प्रिय प्रेमा,

पत्र मोठं होणार आहे. सासूबाईंना सूप भरून घ्यायला सांग.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तांड्यात गेले. रुपा चुलीपाशी बसली होती. तिच्या बापासमोरच बोलले, "रुपा, माझी चूक झाली. आता खेळ तू चालव. मी मुलींमध्ये बसते."

तिने हातातली काटकी मोडून चुलीत टाकली. "अन् तुमी मधातच कामं लावसान तं?"

"कामं लावायची की नाही, ते तू ठरवशील."

गुलाबसिंगकाका म्हणाले, "घ्या! शिकवणारीच हारली." पण शनिवारी पोर आली.

खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे मिटले, आणि गडाची मागची बाजू सांगायला लागली. तिथे एक बाजार आहे. पण तिथे वस्तू मिळत नाहीत, तिथे हात मिळतात. ज्याला जे काम शिकायचं असेल त्याचे हात तिथून घ्यायचे आणि संध्याकाळी परत करायचे. मग तिने डोळे उघडले आणि नियम सांगितला. "घरी जे करता ते इथं नाई करायचं. जे कधी करू देत नाईत ते करायचं. अन् कसं करतात ते सांगाच लागन, फुकट नाई."

म्हणजे तुझाही नियम राहिला नाही आणि माझाही. कसब आहे, पण दुसऱ्याच्या घरातलं.

मुलींनी आधी एकमेकींकडे पाहिलं. मग तांड्यातली एक, जी जूनपासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "मी एसटीची कंडक्टर." दुसरी घड्याळं दुरुस्त करणारी झाली. तिने पुढच्या शनिवारपर्यंत मालेगावच्या बाजारात घड्याळजीच्या टपरीपाशी उभं राहून चाकांची नावं शिकून घेतली. तो म्हणे, "घड्याळ कुठं हाये तुहं?" तर म्हणाली, "गडावर." वाण्याच्या मुलीने लोहारीण सोडली नाही, तिला तो नियम आयताच लागू होता. एक मुलगी म्हणाली, मला काहीच नको, मी नुसती बसते. रुपा म्हणाली, "तुले घरी बसू देत नाईत ना? मंग बस. पण कसं बसतात ते सांग." प्रेमा, ती बसणारी मुलगी तुझीच बहीण शोभली असती. आणि तिने सांगितलं गं, पाय कसे पसरायचे, कोणी हाक मारली तर कशी ऐकू येऊ द्यायची नाही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, मी आरसे भरणारी.

"ते तुमच्या घरचं काम हाये. चालत नाई."

"पण मला येत नाही."

रुपाने विचार केला. "घरचं असून येत नाई?"

"नाही."

"मंग चालते," ती म्हणाली, आणि सगळा वर्ग माझ्याकडे अशा दयेने बघायला लागला की विचारू नकोस.

हेडमास्तर दारात होते. म्हणाले, "बाई, तुम्ही खाली का बसलात?" मी म्हटलं, "सर, मला आज काम आहे." ते निघून गेले. पुन्हा अजून आलेले नाहीत.

एवढं सगळं झालं तरी ट्रक यायचा तो येणारच होता. दिवाळीच्या पाडव्याला गुलाबसिंगकाका आमच्या दारात आले. "पोट्टी म्हणते, मी येत नाई. खेळ कोण चालवन म्हणते. ऐका! खेळासाठी पोरीले मागं ठेवू काय?"

आई म्हणाली, "ठेव माह्याजवळ."

"नानीबाई, तुले रातच्याले दिसत नाई. तुहा घरवाला बाबूसिंग तुरीच्या जागलीले वावरात जाते. जवान होऊन राह्यली पोट्टी. शिकलेलं, समजदार असं कोणी रोज घरात असलं तं ठेवतो, नाई तं नाई." मग माझ्याकडे वळले. "तू राह्यतं काय तांड्यात? तू तं खोली घेतली मेडशीत. खिडकीवाली."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते, आणि उत्तर नाही असंच असणार असं समजून उठायलाही लागले होते. मी मेडशीला परतले. खोलीवर येऊन टेबलाशी बसले. या खोलीसाठी मी बाबांशी वर्षभर भांडले होते. तांड्यात दिवा लवकर विझवतात, पुस्तक उघडलं की चार जण काय वाचतेस विचारतात, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की शाळा बुडते. हे सगळं मला माहीत होतं आणि त्यात काही बदललेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ट्रक गेला. गुलाबसिंगकाका चढताना रुपाला म्हणाले, "बाईले तरास नको देऊ." ती म्हणाली, "बाईच माह्या हाताखाली हाये." ट्रकमधले सगळे हसले, तिची आईसुद्धा, डोळे पुसता पुसता.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी खोलीची किल्ली घरमालकांना परत केली आणि टेबल बाबांच्या बैलगाडीत घालून इकडे आणलं. दारातून ते आत जाईना. रुपाने आणि मी त्याचे पाय काढले, आत नेलं आणि पुन्हा बसवले.

तुझी,
गोमती